अख्ख्या जिल्ह्याने पाहिलेला पाऊस कंपनीला वेगळा कळवायचा कशाला?

२०२५ च्या सप्टेंबरात सीना नदीने परंडा, करमाळा, माढा भागातली रानं अक्षरशः खरडून नेली, आणि तेव्हापासून पीकविम्यावरचा जुना वाद परत पेटलाय. पण तो इतका भलतीकडेच चाललाय की न राहवून लिहितोय. एक बाजू म्हणते, सगळं बिघडलं ते २०२२ च्या औरंगाबाद खंडपीठाच्या निकालाने (७२ तासांत कळवलं नाही म्हणून अपात्र ठरवलेल्या शेतकऱ्यांनाही भरपाई द्या, असा तो निकाल), कोर्टाने दया दाखवली, करार बाजूला ठेवला, कंपन्या घाबरल्या, सरकारवरचा बोजा वाढला आणि शेवटी सरकारला विम्यातलं संरक्षणच कमी करावं लागलं. दुसरी बाजू म्हणते, कंपन्या सगळ्या चोर, बंद करा ती योजना, पैसे थेट द्या. आणि मधल्यामध्ये राजकीय लोक तो निकाल कुणाच्या पाठपुराव्यामुळे लागला याचं श्रेय घेत बसलेत. या सगळ्यात एक गोष्ट कुणीच बोलत नाही. तो निकाल फक्त कंपनी विरुद्ध शेतकरी असा नव्हताच, तो सरकारबद्दलही होता. पीकविमा हा दोन माणसांत झालेला खासगी सौदा नाही, तो सरकारने सरकारच्या पैशातून लोकांसाठी उभा केलेला बंदोबस्त आहे, म्हणून त्यात कंपनीने लावलेली अट किती ताणायची हे ठरवायचा हक्क आणि जबाबदारी सरकारचीच आहे, आणि सरकारने ती टाळली तर कोर्टाने सांगायलाच पाहिजे. खंडपीठाने तेच केलं. माझ्या मते तो निकाल बरोबर होता, आणि सरकारने त्यातून जो धडा घेतला तो साफ चुकीचा होता.

आधी काय घडलं ते सांगतो, कारण अर्धे लोक न वाचताच बोलतायत. २०२० चं खरीप. ऑक्टोबरच्या मध्यात बंगालच्या उपसागरातून आलेला कमी दाबाचा पट्टा तेलंगणामार्गे सोलापूर, उस्मानाबादवर आला (तेव्हा जिल्ह्याचं नाव उस्मानाबाद होतं, आताचं धाराशिव) आणि दोन-तीन दिवसांत काढणीला आलेलं, काही ठिकाणी काढून ठेवलेलं सोयाबीन पाण्यात गेलं. मंत्री बांधावर आले, टीव्हीवर रोज तीच दृश्यं, तलाठी अन् कृषी सहाय्यकांनी पंचनामे केले. म्हणजे नुकसान झालं हे सरकारने स्वतः कागदावर लिहून घेतलं होतं. पण विम्याच्या पैशाची वेळ आली तेव्हा जिल्ह्यासाठी नेमलेल्या खासगी कंपनीने सांगितलं की ज्यांनी नुकसान झाल्यापासून ७२ तासांच्या आत आम्हाला त्याची पूर्वसूचना दिली त्यांचंच बघू, बाकीचे अपात्र. हे बाकीचे किती? साडेतीन लाखांहून जास्त शेतकरी. मे २०२२ मध्ये खंडपीठाने सांगितलं की या सगळ्यांना भरपाई द्या, आणि कंपनीने नाही दिली तर राज्य सरकारने द्यायची. कंपनी सुप्रीम कोर्टात गेली, तिथेही तिला २०० कोटी भरायला सांगितलं गेलं. कंपनीचं नाव मी मुद्दाम घेत नाही, कारण तिच्या जागी दुसरी कुठली असती तरी अटीवर बोट ठेवून हेच केलं असतं. दोष एका कंपनीच्या स्वभावाचा नाही, व्यवस्थेचा आहे.

आता ही ७२ तासांची अट कागदावर फार साधी दिसते. तीन दिवस आहेत, फोन करायचा, एवढं पण जमत नाही का? हा प्रश्न मला पुण्यात ऑफिसमधल्या चांगल्या, सुशिक्षित लोकांनी विचारलाय. आमचं गाव लातूर जिल्ह्यात, त्या निकालातल्या जिल्ह्यातलं नाही आणि वर्षही वेगळं, पण बघितलेलं सांगतो. आमच्या तात्यांनी सोयाबीन कापून रानातच बनीम (कापलेल्या पिकाचा ढीग) लावली होती, वर ताडपत्री, कडेने दगड. रात्री पाऊस सुरू झाला तो थांबेचना. सकाळी ओढा दोन्ही काठ सोडून वाहत होता आणि रान ओढ्याच्या पलीकडे. लाईट आदल्या संध्याकाळीच गेलेली, तात्यांचा मोबाईल बंद, माझ्या फोनला रेंज फक्त मारुतीच्या देवळाच्या ओट्यावर. टोल फ्री नंबर लावला की आधी टेप वाजायची, मग लाईन कट. ॲपवर टाकायला गेलो तर ॲप नुकसानीचा फोटो मागतंय, तोही शेतातच उभं राहून काढलेला, लोकेशनसकट. तात्या एवढंच म्हणाले, "रानात जाताच येईना तर फोटू कुठून आणू?" चौथ्या दिवशी पाणी ओसरलं तेव्हा बनमीतून वाफ निघत होती, हात घातला तर आत गरम लागायचं, आणि शेंगांतून पांढरे कोंब आलेले. कुबट वास यायचा, तो अजून आठवतो. फोटो काढला, ॲपवर टाकला, मुदत संपली असा मेसेज आला. नुकसान झालंय हे मला पहिल्या रात्रीच माहीत होतं, फक्त ते सिद्ध करायला लागणारी जागा चार दिवस पाण्याखाली होती.

समोरच्या बाजूचं म्हणणं मात्र मी उडवून लावत नाही, कारण त्यात दम आहे. विमा चालतोच अटींवर. आज न्यायाधीशाने एक अट बाजूला काढली तर उद्या दुसरी, मग कंपनीने दर ठरवायचा कशाच्या आधारावर? आणि वेळेत कळवा ही अट काही छळायला घातलेली नसते. दहा दिवसांनी शेतात काय दिसणार? पाणी ओसरलेलं असतं, पीक काढून झालेलं असतं, मग नुकसान पावसाने झालं का किडीने का मुळात पेरलंच नव्हतं, सांगणार कोण? गारपीट एका शिवारात होते आणि शेजारच्या शिवारात होत नाही. वीज एकाच गंजीवर पडते. तिथे शेतकऱ्यानेच कळवलं पाहिजे, दुसरा कोण कळवणार. हे सगळं मला मान्य आहे.

पण मग त्याच तर्काने पुढे जाऊ. कळवायचं कशासाठी? तर तपास करता यावा, खोटं पकडता यावं म्हणून. तो हेतू दुसऱ्या एखाद्या पक्क्या मार्गाने पूर्ण झाला असेल तर? जानेवारी २०२० मध्ये सुप्रीम कोर्टाच्या तीन न्यायमूर्तींसमोर नेमकं हेच प्रकरण आलं होतं, एकाचा ट्रॅक्टर चोरीला गेलेला, त्याने त्याच दिवशी पोलिसांत फिर्याद दिली पण विमा कंपनीला कळवलं तब्बल ५२ दिवसांनी. पॉलिसीत लिहिलेलं होतं की ताबडतोब कळवा. कंपनीने क्लेम नाकारला. कोर्टाने सांगितलं की चोरी झाली हे पोलिसांकडे लगेच नोंदवलंय, तपास झालाय, क्लेम खरा आहे, मग केवळ कंपनीला उशिरा कळवलं म्हणून पैसे नाकारता येणार नाहीत. विमा नियामकाने, म्हणजे आयआरडीएआयने, तर २०११ सालीच परिपत्रक काढून कंपन्यांना बजावलं होतं की निव्वळ उशीर झाला म्हणून खरे दावे फेटाळू नका. आता सांगा, चोरीच्या ट्रॅक्टरला पोलिसांची फिर्याद पुरते, तर बुडालेल्या सोयाबीनला तलाठ्याचा पंचनामा का पुरत नाही? ट्रॅक्टर गेलेला निदान एकट्या मालकाला माहीत असतो, इथे तर अख्ख्या महसूल मंडळाचा, म्हणजे काही गावांच्या गटाचा, पाऊस पर्जन्यमापकात मोजलेला होता. कंपनीला कुठली माहिती मिळायची राहिली होती? योजनेच्या मार्गदर्शक सूचनांतच म्हटलंय की विमा क्षेत्रातल्या पिकाचं २५ टक्क्यांहून जास्त क्षेत्र बाधित झालं की नमुना पाहणी करून अख्ख्या क्षेत्राचं नुकसान धरायचं. एवढ्या मोठ्या नुकसानीत शेत-शेत मोजणं शक्य नाही, हे योजना लिहिणाऱ्यांनाच माहीत होतं. मग कोर्टाने करार फाडला असं म्हणणाऱ्यांनी तो करार नक्की कुठपर्यंत वाचलाय?

आणि याची मुळं आपल्या पुण्यातच आहेत, हे फार कमी लोकांना माहितीय. १९७२ च्या सुमारास गुजरातेत एच-४ कापसासाठी पीकविम्याचा पहिला प्रयोग झाला, एकेका शेतकऱ्याच्या शेताचं वेगळं मूल्यमापन करून. १९७८ पर्यंत तो कसाबसा चालला, शेतकरी मिळाले अवघे ३,११०, प्रीमियम जमला ४.५४ लाख आणि भरपाई द्यावी लागली ३७.८८ लाख. तेव्हा पुण्याच्या गोखले इन्स्टिट्यूटचे अर्थतज्ज्ञ वि. म. दांडेकर यांनी मांडलं की शेत-शेत मोजायचं हे कामच होणारं नाही, त्यात खर्चही बुडवतो आणि खोटेपणाही. त्यापेक्षा एक क्षेत्र घ्या, त्या क्षेत्राचं सरासरी उत्पन्न मोजा, ते पडलं तर क्षेत्रातल्या सगळ्यांना द्या. १९७९ पासूनच्या सगळ्या योजना, १९८५ ची, १९९९ ची, २०१६ ची पंतप्रधान पीकविमा योजना, याच पायावर उभ्या आहेत. दांडेकरांच्या मांडणीत शेतकऱ्याने अर्जच करायचा नसतो, फोन करायचा नसतो. सरसकट संकट असेल तर सरसकट मोजणी, असा तो साधा विचार होता. ७२ तासांची पूर्वसूचना नंतर आली ती गारपीट, ढगफुटी, काढणीनंतर सुकत टाकलेल्या पिकावरचा पाऊस अशा ठरावीक गोष्टींसाठी, मूळ छताला जोडलेली पडवी म्हणून. कंपनीने काय केलं, तर पडवीचा नियम अख्ख्या घराला लावला. सगळा जिल्हा बुडाला तरी प्रत्येकाने वेगळा येऊन दार वाजवायचं. खंडपीठाचा निकाल वाचताना मला तर वाटलं, दांडेकर पन्नास वर्षांपूर्वी जे सांगत होते तेच कोर्टाला परत सांगावं लागलं.

आता करार या शब्दाकडे येऊ, कारण सगळा युक्तिवाद त्या एका शब्दावर टेकलेला आहे. करार म्हणजे दोघं बसले, बोलले, ठरवलं. इथे शेतकरी कुणाशी काय ठरवतो? कंपनी कोणती हे सरकार टेंडर काढून ठरवतं. जिल्हा बदलला की कंपनी बदलते, शेतकऱ्याला निवड नाही. दर कंपनी आणि सरकार ठरवतात. खरिपाला विमा रकमेच्या २ टक्के, रब्बीला दीड टक्का, नगदी पिकाला ५ टक्के शेतकरी भरतो आणि उरलेला सगळा भार केंद्र अन् राज्य निम्मा निम्मा उचलतात. ते उरलेलं किती असेल? २०२० पासून केंद्राने स्वतःच्या वाट्याला मर्यादा घातली, कोरडवाहू भागात ३० टक्के आणि बागायतीत २५ टक्के दरापर्यंतच मी देणार म्हणून. म्हणजे दर कुठपर्यंत चढले होते याचा अंदाज करा. २०२० च्या आधी तर पीककर्ज घेतलेल्या शेतकऱ्याला विचारायचीही पद्धत नव्हती, बँक परस्पर खात्यातून हप्ता कापायची. गावातल्या किती जणांनी आयुष्यात एकदा तरी पॉलिसीचा कागद डोळ्यांनी बघितलाय? आमच्याकडे सीएससी सेंटरवरून (जिथे ऑनलाइन अर्ज भरून देतात) मिळालेली एक पावती असते, ती तात्या पासबुकासोबत प्लास्टिकच्या पिशवीत ठेवतात, त्यावर ७२ तास हा शब्दही नाही. जिथे एका बाजूला निवडच नाही, पैसा बहुतांश जनतेचा, कंपनी सरकारने नेमलेली, तिथे हा आमचा खासगी करार आहे असं म्हणायचा कुणाला काय अधिकार?

आणि हे मी नवीन काढलेलं नाही. १९९५ मध्ये सुप्रीम कोर्टासमोर एलआयसीच्या एका स्वस्त मुदत विम्याचा प्रश्न आला होता, तक्ता क्रमांक ५८. ती पॉलिसी फक्त सरकारी, निमसरकारी किंवा नावाजलेल्या कंपन्यांत पगारी नोकरी असलेल्यांनाच मिळायची. रिक्षावाला, शेतकरी, टपरीवाला, यांना नाही. एलआयसीचं म्हणणं तेच, धंद्याच्या अटी आम्ही ठरवणार. कोर्टाने ती अट रद्द केली आणि सांगितलं की विम्याच्या अटी न्याय्य आणि वाजवी असल्या पाहिजेत, त्यात लोकहित आहे. कुणी म्हणेल एलआयसी सरकारी होती, इथे कंपनी खासगी आहे. खरंय, हा फरक आहे आणि तो लहान नाही. पण सरकारने स्वतःचं काम खासगी हाताला टेंडरने दिलं म्हणून त्या कामावरचं लोकांचं नातं तुटतं का? पूल खासगी ठेकेदाराने बांधला म्हणून तो पडल्यावर सरकार हात वर करू शकतं का? म्हणूनच मला त्या निकालाचा दुसरा भाग जास्त महत्त्वाचा वाटतो, कंपनीने नाही दिलं तर राज्याने द्यायचं हा. बातम्यांत सगळे पहिल्या भागावर नाचले, खरी सणसणीत गोष्ट दुसऱ्या भागात होती.

कंपन्या काय म्हणतात ते ऐकताना अमेरिकेतली एक गोष्ट हमखास आठवते. तिकडे व्हर्जिनिया राज्याने बाहेरच्या विमा कंपन्यांवर परवान्याची अट घातली तेव्हा कंपन्यांच्या बाजूने एक एजंट कोर्टात गेला आणि म्हणाला, आमचा धंदा राज्याराज्यांमधला व्यापार आहे, एका राज्याने आम्हाला नियम लावायचे नाहीत. कंपन्या हरल्या, १८६९ मध्ये तिथलं सुप्रीम कोर्ट म्हणालं विमा हा व्यापारच नाही, राज्याला नियम करू द्या. पुढे पंचाहत्तर वर्षांनी, १९४४ मध्ये, आग्नेयेकडच्या सहा राज्यांतल्या जवळपास दोनशे आगविमा कंपन्यांनी संगनमताने दर ठरवले म्हणून केंद्राने मक्तेदारीविरोधी कायद्याखाली खटला भरला, तर त्याच धंद्यातले लोक म्हणायला लागले की विमा हा व्यापार नाहीच मुळी, केंद्राचा इथे काय संबंध! या वेळी कोर्ट चार विरुद्ध तीन मतांनी म्हणालं, व्यापार आहे. दुसऱ्याच वर्षी तिथल्या संसदेने कायदा करून लगाम बराचसा परत राज्यांकडे दिला. मुद्दा हा की जो कुणी लगाम घालायला येईल त्याला तुझा अधिकार नाही म्हणायचं, ही सवय जुनी आहे. आपल्याकडे प्रीमियम घेताना ही सरकारी योजना असते आणि भरपाई देताना तो खासगी करार होतो. अमेरिकेत १९१४ मध्ये कॅन्ससच्या दर-नियंत्रणाला कोर्टाने मान्यता दिली होती. म्हणून तिथला धंदा संपला का?

तरी कंपन्या पळून जातील ही भीती मी पोकळ मानत नाही. काही मोठ्या खासगी कंपन्यांनी खरंच पीकविम्यातून अंग काढून घेतलं. बिहार, पश्चिम बंगाल, गुजरात ही राज्यं योजनेतूनच बाहेर पडली. बीडमध्ये तर अशी वेळ आली होती की जिल्हा घ्यायला कंपनीच मिळेना. पण बीडने त्यातून काय केलं ते बघा. २०२० च्या खरिपात सरकारी कृषी विमा कंपनीबरोबर ठरलं की जमलेल्या प्रीमियमच्या ११० टक्क्यांपर्यंत भरपाई कंपनीने द्यायची, त्यापुढचा भार राज्य घेईल, आणि भरपाई कमी निघाली तर कंपनीने २० टक्क्यांपर्यंतच ठेवून घ्यायचं, बाकी पैसे सरकारला परत. यालाच बीड पॅटर्न म्हणतात आणि पुढे तो राज्यभर लावला गेला. म्हणजे कंपनीच्या नुकसानीलाही कुंपण आणि नफ्यालाही. ही कल्पना कोर्टाने नाही दिली, जिल्ह्याच्या गरजेतून आली. आणि एकदा ११० टक्क्यांच्या वरचा भार राज्यच घेणार असेल तर एखादा निकाल विरुद्ध गेला म्हणून कंपनी बुडेल ही भीती उरतेच किती?

खोट्या अर्जांचा मुद्दा मात्र खरा आहे आणि शेतकऱ्याच्या बाजूने बोलणाऱ्यांनी तो लपवू नये. २०२३ च्या खरिपापासून एक रुपयात विमा आला आणि देवस्थानाच्या जमिनीवर, सरकारी जमिनीवर, बिगरशेती प्लॉटवर विमे उतरवलेले निघाले. कुणी उतरवले? सीएससी सेंटरला अर्जामागे ४० रुपये मिळत होते, जितके अर्ज तितके पैसे. रुपयात मिळतंय म्हटल्यावर विचारणाराही कुणी नव्हता. यात खऱ्या शेतकऱ्याचाच जीव गेला, कारण चोरी पकडली गेली दारात आणि कुलूप लागलं स्वयंपाकघराला. पण ७२ तासांच्या अटीने यातला एक तरी बोगस अर्ज थांबला का? बोगस माणूस तर वेळेत कळवतो, त्याला ओढा ओलांडायचा नसतो, बनीम उपसायची नसते. अट आडवी आली ती खऱ्या शेतकऱ्यालाच, ज्याच्या रानात तीन दिवस पाय टाकता येत नव्हता. खोटेपणा पकडायचा असेल तर सातबारा, ई-पीक पाहणी (ॲपवरची पिकाची नोंद) आणि उपग्रहाचा फोटो एकमेकांना लावून बघा, ते सगळं सरकारकडे आधीच आहे.

बंद करा ही योजना, नाहीतर सगळं सरकारी करा असं म्हणणाऱ्या मित्रांनाही एक सांगायचंय. १९ जानेवारी १९५६ ला तेव्हाचे अर्थमंत्री चिंतामणराव देशमुख यांनी रेडिओवरून आयुर्विम्याच्या राष्ट्रीयीकरणाची घोषणा केली, २४५ संस्था ताब्यात घेतल्या, कारण त्या काळी कित्येक कंपन्यांत लोकांच्या पैशाची उधळपट्टी चालली होती. निर्णय योग्यच होता. पण दोनच वर्षांत त्याच सरकारी एलआयसीचे १.२४ कोटी रुपये हरिदास मुंदडा या उद्योगपतीच्या कंपन्यांत गेल्याचं प्रकरण निघालं, आणि ते उघड्यावर आलं कशाने? तर फिरोज गांधींनी संसदेत ते लावून धरलं आणि मुंबई हायकोर्टाचे मुख्य न्यायमूर्ती छागला यांनी मुंबईत लोकांसमोर चौकशी चालवली म्हणून. देशमुखांनंतरचे अर्थमंत्री टी. टी. कृष्णम्माचारी यांना घरी जावं लागलं. कंपनी खासगी असो की सरकारी, तिच्याबाहेरचा कुणीतरी तिच्याकडे बघत राहिला पाहिजे. पीकविम्यात सूचना केंद्राच्या कृषी मंत्रालयाच्या, टेंडर राज्याचं, परवाना आयआरडीएआयचा, आणि तक्रार घेऊन गेलं की तालुक्याची समिती जिल्ह्याकडे बोट दाखवणार, जिल्ह्याची राज्याकडे. तीन तीन मालक असलेल्या गायीला चारा कुणी घालायचा? अशा वेळी माणूस कोर्टात जाणार नाही तर कुठे जाणार? न्यायाधीशांनी धोरण चालवू नये हे मलाही पटतं. पण ज्यांनी चालवायचं त्यांनी चालवलं असतं तर साडेतीन लाख लोकांचा प्रश्न दीड वर्षाने कोर्टात सुटला नसता.

आणि आता तो चुकीचा धडा. २०२५ च्या खरिपापासून राज्याने एक रुपयाची योजना बंद केली, ते समजू शकतो. पण त्याबरोबर चार गोष्टींचं संरक्षणच काढून टाकलं, पेरणीच होऊ न शकणं, हंगामाच्या मध्यातलं संकट, स्थानिक आपत्ती आणि काढणीनंतरचं नुकसान. आता राहिला फक्त पीक कापणी प्रयोग. म्हणजे ७२ तासांत कळवायची कटकटच मिटवली, कारण कळवण्यासारखं काही ठेवलंच नाही. हे म्हणजे दार अडतंय म्हणून दुरुस्त करायच्या ऐवजी भिंत बांधून टाकली. आणि त्याच वर्षी सप्टेंबरात सीनेला तो पूर आला.

फक्त पीक कापणीवर भरपाई म्हणजे काय ते जरा हिशोबाने बघू. मागच्या सात वर्षांतली चांगली पाच वर्षं घेऊन मंडळाची सरासरी काढतात, त्याचे ७० टक्के म्हणजे उंबरठा उत्पन्न. समजा सरासरी निघाली हेक्टरी १२ क्विंटल, तर उंबरठा ८.४. यंदा प्रयोगात ९ क्विंटल आलं तर? चौथा हिस्सा पीक गेलंय आणि भरपाई शून्य. आणि प्रयोग होतात ते पीक उभं असताना, ठरलेल्या तुकड्यातलं पीक कापून, झोडून, वजन करून. प्रयोग सोमवारी झाला, वजन चांगलं भरलं, मंगळवारी शेतकऱ्याने उरलेलं कापून बनीम लावली, गुरुवारी पाऊस आला. कागदावर त्या मंडळात उत्तम पीक आलं. रानात कोंब. तात्यांच्या बनमीचं नुकसान नेमकं या खाचेत पडतं, आणि मराठवाड्यात परतीचा पाऊस नेमका याच दिवसांत येतो. ज्या संरक्षणासाठी २०२० चे शेतकरी कोर्टात लढले तेच संरक्षण काढून घेतल्यावर तो निकाल शेतकऱ्याच्या हातात कागदापुरता राहतो.

निकालाने योजना बुडवली असं म्हणणाऱ्यांनी म्हणून मला एवढंच सांगावं, निकालानंतर सरकारला अट सुधारायला नक्की काय अडचण होती? मंडळामंडळात महावेधची हवामान केंद्रं बसवलेली आहेत, त्यांचा आकडा रोज सकाळी जिल्हाधिकाऱ्याच्या टेबलावर जातो. एका दिवसात ६५ मिलिमीटर पाऊस झाला की त्या मंडळात अतिवृष्टी धरतात, हे सरकारचंच माप आहे, त्यावर मदत वाटली जाते. मग काढणीनंतरच्या नुकसानीचं संरक्षण परत आणायचं आणि पुढच्या टेंडरात एक ओळ घालायची, मंडळात ६५ मिलिमीटरची नोंद झाली की त्या मंडळातल्या प्रत्येक विमाधारकाची पूर्वसूचना दाखल झाली असं समजण्यात येईल. फोन नको, फोटो नको, देवळाच्या ओट्यावर रेंज शोधत उभं राहायला नको. गारपिटीला, विजेला ७२ तास ठेवा, माझी हरकत नाही, तिथेही लाईट अन् रस्ता बंद असलेले तास त्यातून वजा करा. कंपनीला हे परवडत नसेल तर तिने दर सांगताना सांगावं, बोली लावतानाच, शेतकऱ्याचा हप्ता घेण्याआधी. खरिपाची टेंडरं पेरणीच्या आत निघतात. आमदार, शेतकरी संघटना, श्रेय घ्यायला पुढे आलेले सगळे, यांनी टेंडरचा मसुदा मागवून ही ओळ त्यात आहे का ते बघावं, कारण जूनमध्ये सही झाली की ऑक्टोबरात ओढ्याच्या अलीकडे उभं राहून काही बदलता येत नाही.